नराच्या पोत्यांवरचं बाळंतपण

बियाण्याच्या कारखान्यात नोकरी आहे असं सांगितलं की सोयरेधायरे विचारायचे, "म्हंजे काय करता वो तिथं? ज्वारीच निवडता ना?" मी हो म्हणायचे. उगाच कशाला लांबण लावा! ज्वारीच निवडायची, पण जी ज्वारी कुणी खायची नाही, ती. सगळा धंदा या एका वाक्यात आला.

तरी थोडं सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. संकरित ज्वारीला आई वेगळी आणि बाप वेगळा. शेतात मादीच्या काही ओळी, मधे नराच्या ओळी. नराचा पराग मादीवर पडला की मादीच्या कणसात जे दाणे भरतात, ते शेतकऱ्याला विकायचं बियाणं. हे आई-बाप कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. कंपनी त्यांना जिवापलीकडे जपते. आमच्याकडे त्यांची वेगळी खोली होती, मागच्या शेडमध्ये, आणि तिची किल्ली माझ्या कमरेला. मी निवडणी विभागाची सुपरवायझर. माहेर राजूरचं, सासर जालन्याचं. आमचे हे एमआयडीसीतच लोखंडाच्या मिलमध्ये. ते घरी यायचे काळे होऊन, मी यायचे लाल होऊन. विकायच्या बियाण्याला आम्ही लाल औषध लावायचो, ते केसात जाऊन बसायचं.

बियाण्याचा वैरी म्हणजे उंदीर. लाल औषध लावलेल्या मालाला तो तोंड लावत नाही, पण औषध शेवटी लागतं, तोवर सगळं गोदाम त्याचंच. बाहेरचे लोक म्हणतात, विष ठेवा. विष ठेवलं की त्याचे दाणे बियाण्यात मिसळायची भीती, आणि विष खाल्लेला उंदीर पोत्यांच्या थप्पीच्या मधोमध जाऊन मरतो. मग शंभर पोती हलवून त्याला शोधा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. तेव्हा या दुखण्यावर एकच इलाज होता, आणि तो चार पायांवर चालायचा.

ती कापसाच्या सरकीच्या ट्रकमधून आली. राखी रंग, पाय पांढरे, आणि डाव्या कानाचा तुकडा उडालेला. गोदामाचे रशीदभाई तिला बघून म्हणाले, "मॅडम, ये तो कामकी दिखती. इसकू रख लेंगे." ठेवून घेण्यासारखं काही नव्हतंच. ती उतरली, वजनकाट्याभोवती फिरली, सगळ्या बायकांना एकदा बघून घेतलं आणि थप्पीवर चढून बसली.

तिचं नाव काय ठेवलंय हे मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. निवडणीच्या टेबलावर पंधरा-वीस बाया. मी जवळ गेले की एकदम शांतता, आणि पदराआड हसणं. शेवटी चंद्रभागाबाईंनीच सांगितलं. चंद्रभागाबाई टेबलावरच्या सगळ्यांत वडील, धनगराच्या घरातल्या. बालपण मेंढरांमागं गेलेलं, त्यामुळे माणूस असो की जनावर, त्यांना कुणाचीच भीड नव्हती.

"रागावू नका," त्या म्हणाल्या. "पोरीयनी मांजरीचं नाव मॅडम ठिवलंय."

"का बरं?"

"आवाज न करता येती, मागं हुबी राहती, टक लावून बघती, अन् काय बी न बोलता निघून जाती. मंग दुसरं काय नाव ठिवायचं?"

मला राग आला असं मी दाखवलं. घरी जाऊन ह्यांना सांगितलं, तर ते जेवता जेवता इतके हसले की ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून मी पायात जरा वाजणाऱ्या चपला घालायला लागले. मांजरीला तसं काही सांगता येत नव्हतं.

काम करताना बाया गाणी म्हणायच्या. जात्यावरच्या ओव्या कारखान्यात आल्या होत्या, फक्त जात्याच्या जागी चाळणीच्या मशीनचा आवाज. मॅडम आल्यावर त्या ओव्यांमधले भाऊ-भाचे मागे पडले. चंद्रभागाबाई बसल्या बसल्या नवीन जुळवायच्या:

मिशीला लागली साय, डोळे मिटून बसली,
जशी कीर्तनात बाई, पुढल्या रांगेत घुसली.

ही ओवी मांजरीवर आहे की माझ्यावर, असं मी एकदा विचारलं. "तुमी कीर्तनाला जाता का?" असा उलटा प्रश्न आला. मी जात होते. त्यामुळे गप्प बसले.

अशा या आमच्या राज्यात पुण्याहून सरपोतदार साहेब मॅनेजर म्हणून आले.

साहेब उंच, सडपातळ, चष्मा लावणारे. बोलणं इतकं शुद्ध की टेबलावरच्या बायांना आधी ते रागावून बोलत आहेत असंच वाटायचं. पहिल्याच दिवशी शेडची फेरी मारायला निघाले. मी शेजारून माहिती देत होते. तेवढ्यात टेबलावरची एक पोरगी लांबून ओरडली, "मावशे, मॅडमनं आज सकाळी सकाळी घूस धरली! थप्पीमागं बसून खाऊन राह्यली!"

साहेब थांबले. माझ्याकडे पाहिलं. माणूस संस्कारी, त्यांनी काही विचारलं नाही. फक्त माझ्यापासून हातभर लांब सरकले आणि चालू लागले.

"साहेब, ती मॅडम वेगळी," मी म्हणाले.

"अच्छा, म्हणजे इथे दोन आहेत?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दुसरी मॅडम थप्पीमागून तोंड चाटत बाहेर आली. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. साहेबांनी जी उडी मारली ती थेट वजनकाट्यावर. काटा हलला, थांबला, आणि साहेबांचं वजन सगळ्या शेडला कळलं. मी छताकडे बघत राहिले.

"मला मांजर चालत नाही," काट्यावरूनच ते म्हणाले. "लहानपणापासून. हे मांजर उद्यापासून मला इथे दिसता कामा नये."

रशीदभाईंनी तिला पोत्यात घातलं आणि संध्याकाळी "छोडके आया साहब" असं सांगितलं. कुठं सोडलं हे साहेबांनी विचारलं नाही. मागच्या शेडमध्ये, हे रशीदभाईंनी सांगितलं नाही. साहेबांना ती दिसली नाही, म्हणजे हुकूम अक्षरशः पाळला गेला. आणि मागच्या शेडमध्येच आई-बापांची खोली होती, हे मी वर सांगितलंच आहे.

गणपती उठले आणि रब्बीच्या पेरणीची घाई सुरू झाली. आष्टीकडच्या शेतकऱ्यांनी ज्वारीच्या बीजोत्पादनाचे प्लॉट घेतले होते. त्यात एक भानगड असते. त्या वाणात नर उशिरा फुलायचा आणि मादी लवकर. दोघं एकाच वेळी फुलोऱ्यात यायचे तर नराची पेरणी आधी करावी लागे. नर चुकला की मादीचं कणीस रिकामं. शेतकऱ्याचा हंगाम गेला, आणि पुढच्या वर्षी कंपनीनं काय विकायचं? म्हणून नराची पोती ठरल्या दिवशी निघालीच पाहिजेत, हा आमचा धर्म.

त्या सकाळी आष्टीचे नामदेवराव स्वतः टेम्पो घेऊन आले. शांत माणूस, पण तोंडात तंबाखू धरून सारखं आभाळाकडे बघत होते. "मॅडम, जल्दी करा. जमिनीतली ओल चालली."

मी खोलीचं कुलूप काढलं, दार ढकललं, आणि आतून असा काही फिस्कारा आला की किल्ली हातातून पडली. नराच्या पोत्यांची थप्पी, तिच्यावर सगळ्यांत वरच्या पोत्यात दाबून केलेला खळगा, आणि त्या खळग्यात मॅडम. पोटाशी चार पिल्लं. खिडकीची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती, तिथून ती आली असणार.

रशीदभाई पुढे झाले. "अपनी पहचानवाली है," म्हणत हात लांब केला. मनगटावर तीन ओरखडे घेऊन मागे आले. "पहचान भूल गई," एवढंच म्हणाले.

तोवर साहेब आले. दारापासून बरंच लांब उभे राहिले. "हे मांजर परत इथे कसं?" असं त्यांनी विचारलं नाही. रशीदभाईंकडे फक्त पाहिलं. मग म्हणाले, "काठीने हाकला. टेम्पो थांबलाय."

चंद्रभागाबाई हातातलं सूप खाली ठेवून आल्या. "बाळंतिणीला काठी? सायब, तुमच्या आईनं ऐकलं तर काय म्हनंल?"

"अहो बाई, शेतकऱ्यांचं नुकसान होईल."

"व्हणार न्हाई. पन तुमी समदे हितून हला. मशीन बंद करा. तिला जागा आवडंनाशी झाली की ती सवताच उठंल. आपुन इतके जण तोंडावर हुबं राहिलो तर ती बिलकुल उठायची न्हाई."

नामदेवरावांनी मान हलवली. "बराबर हाय. म्हैस बी आसंच करती."

मशीन बंद झालं. शेडमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. चंद्रभागाबाईंनी एका टोपल्यात जुनी गोधडी घालून ती दाराशी ठेवली आणि आम्ही सगळे अंगणात जाऊन बसलो. साहेब घड्याळाकडे बघत होते, नामदेवराव आभाळाकडे, आणि मी साहेबांकडे. खोटं कशाला बोलू, मला मांजरीपेक्षा माझ्या नोकरीची काळजी वाटत होती. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती आणि जाळी फाटलेली मला दिसायला हवी होती असं कुणीही म्हणालं असतं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. तोंडात मानेला धरलेलं एक पिल्लू. टोपल्यापाशी थांबली, गोधडी हुंगली, आणि ओलांडून पुढे निघाली. आमच्या समोरून, अंगण पार करून, ऑफिसच्या पायऱ्या चढून, साहेबांच्या उघड्या केबिनमध्ये. तिथं कपाटाच्या खालच्या कप्प्यात साहेबांनी घडी करून ठेवलेली लोकरीची शाल होती. एकामागून एक चारही पिल्लं त्या शालीवर गेली. कुणी जागचं हललं नाही. साहेब तर अजिबातच नाही.

"मॅडम का प्रमोशन हो गया," रशीदभाई हळूच म्हणाले.

त्याबरोबर नामदेवराव जे हसले ते तंबाखूसकट. पुढच्या अर्ध्या तासात पोती टेम्पोत चढली आणि नर आष्टीला रवाना झाला.

साहेबांनी मला बोलावलं. केबिनमध्ये नाही, व्हरांड्यात. "आता हे इथून कसं काढायचं?"

"साहेब, आता हलवली तर ती परत पोत्यांवर जाईल. मादीचं बियाणं अजून जायचंय."

त्यांनी एकदा केबिनच्या दाराकडे पाहिलं, एकदा मागच्या शेडकडे. मग शिपायाला म्हणाले, "माझं टेबल व्हरांड्यात आणा."

असे आमचे साहेब व्हरांड्यात राहायला आले. फोनची तार खिडकीतून बाहेर काढली. आधी शेतकरी ऑफिसच्या दारात चपला काढायचे, आत जाऊ की नको असा विचार करायचे आणि माझ्याशी बोलून परत जायचे. आता साहेबच वाटेत बसलेले. लोक सरळ खुर्ची ओढून बोलायला लागले. साहेबांनाही कळलं की "बघून राह्यलो" म्हणजे काम झालेलं नाही आणि "बघतो" म्हणजे होणारही नाही. टेबलावर नवीन ओवी आली:

सायब माझा गं ऐटीचा, बूट वाजवीत आला,
मांजरीच्या बाळापायी, व्हरांड्याचा धनी झाला.

साहेबांनी ती ऐकली. "चाल चांगली आहे," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मला हा माणूस पहिल्यांदा आवडला.

पाचव्या दिवशी चंद्रभागाबाई हळद-कुंकू घेऊन केबिनच्या दारात हजर. मांजर सटवाईचं, असं त्यांच्याकडे मानतात. तेव्हा तिच्या पिल्लांची पाचवी चुकवून कसं चालेल? सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाचवीला कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. चंद्रभागाबाईंनी साहेबांच्या टेबलावरून कागद मागितला आणि त्यांचं शाईचं पेनही. साहेबांनी दोन्ही दिलं. पुण्यात असं कुणी मागितलं नसतं आणि मागितलं असतं तर त्यांनी दिलं नसतं, असं मला वाटतं. कपाटापुढे कागद, कागदावर पेन, बाजूला दुधाची वाटी.

आता एक वेगळी गोष्ट सांगावी लागेल. साहेब दर शनिवारी पुण्याला फोन लावायचे. केबिनचं दार बंद असायचं, म्हणून आम्हाला काही माहीत नव्हतं. आता फोन व्हरांड्यात. पहिल्या शनिवारी सगळ्या शेडनं ऐकलं. "सई, बाबा बोलतोय. शाळा काय म्हणते? ... जेवलीस का? ... बोल ना बाळा." मग बराच वेळ काही नाही. मग "बरं, आजीला दे."

त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. मुलगी आठ-नऊ वर्षांची, पुण्यात आजीकडे. आई गेल्यापासून ती वडिलांशी फोनवर बोलायचीच नाही, नुसता फोन कानाला धरायची. पुण्याला बदली मिळावी म्हणून साहेबांनी खटपट केली होती, पण तिथं जागा नव्हती. हे सगळं आजीनं नंतर सांगितलं. त्या दिवशी आम्हाला फक्त ते "बोल ना बाळा" कळलं. टेबलावरच्या बाया माना खाली घालून ज्वारी निवडत राहिल्या. ओवी कुणी म्हटली नाही.

पाचवी झाली त्याच्या पाठच्या शनिवारी पुन्हा फोन. पुन्हा शाळा, पुन्हा जेवण, पुन्हा शांतता. साहेब ठेवायला निघाले आणि काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "अगं, माझ्या कपाटात मांजर व्यायलीय. त्यामुळे मी सध्या व्हरांड्यात राहतो."

पलीकडून काहीतरी आवाज आला. साहेब उभे राहिले.

"चार," ते म्हणाले. "हो, चार. ... रंग? थांब हं, रंग मी नीट पाहिले नाहीत. ... नाही गं, भीत नाही. ... बरं, थोडा भितो. ... मी बघून सांगतो. नक्की सांगतो."

फोन ठेवून ते केबिनच्या दारापर्यंत गेले. आत वाकून पाहिलं. मग कपाटापुढचा कोरा कागद आणि पेन लांबूनच हात घालून ओढून घेतलं. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "सायब, त्यो सटवाईचा कागद हाय!" पण ते ऐकण्याच्या पलीकडे होते. दारातल्या स्टुलावर बसून कागदावर काहीतरी करू लागले. मी चहाचं निमित्त काढून मागून डोकावले. चार पिल्लं, एकावर एक पडलेली, आणि त्यांच्यावर मान टेकलेली मॅडम, फाटक्या कानासकट. जिवंत चित्र. हा माणूस महाविद्यालयात असताना चित्रं काढायचा आणि नोकरी लागल्यावर सोडून दिलं, हे त्यांनीच चहा पिता पिता सांगितलं.

चंद्रभागाबाईंनी चित्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "सटवाईचा हात बरा हाय," म्हणाल्या.

चित्र टपालानं पुण्याला गेलं. पुढच्या शनिवारी फोन पलीकडून आला. नंतर दर शनिवारी पलीकडूनच यायचा, आणि फर्माइशी असायच्या. तिसऱ्याचं शेपूट दिसत नाही, ते दाखवा. डोळे उघडले का, कोणत्या रंगाचे आहेत? काळ्याचे पाय कसे आहेत? शेपटी दिसायची तर जवळ जावं लागतं, आणि डोळ्यांचा रंग बघायचा तर आणखी जवळ. स्टूल दर आठवड्याला थोडं पुढे सरकत गेलं. आम्ही कुणी त्यावर बोललो नाही. बोललो असतो तर ते मागे सरकलं असतं.

त्या चित्रांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. भाजीपाल्याच्या बियाण्याची छोटी पाकिटं काढायचं ठरलं, तेव्हा कंपनीच्या मालकांनी, आमच्या शेठजींनी, साहेबांच्या टेबलावर पडलेलं एक चित्र पाहिलं आणि तेच पाकिटावर छापलं. राजूरचा एक दुकानदार पाकीट बघून तावातावानं आला. "पेरणीला निघालेल्या मानसाच्या हातात मांजर देता व्हय? आडवी गेली तर मानूस माघारी फिरतो!" शेठजींचा चेहरा पडला. रशीदभाई शांतपणे म्हणाले, "भाऊ, ये आडवी कहाँ जाती? ये तो तुमारे सामने बैठी है." दुकानदार पाकिटाकडे बघत राहिला आणि भेंडीची मोठी ऑर्डर देऊन गेला. पुढे आष्टीच्या बाजारात बाया वाणाचं नाव घेत नसत, "मांजरवाली भेंडी द्या" म्हणत. कुणी कुणी तर बियाणं घेताना एखादं पिल्लूही मागायचं, आणि आम्ही द्यायचो. भोकरदनपासून परतूरपर्यंत मॅडमची लेकरं-नातवंडं नांदली. दोन हजार सालानंतर कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी गुळगुळीत पाकिटं काढली, त्यावर फोटोतली भेंडी, इतकी हिरवी की खरी भेंडी लाजावी. गोदामात लोखंडी फळ्या, थंड खोल्या, आणि महिन्याला फवारणीवाले. उंदीर गेले हे खरं. पण त्या गोदामात कुणी गाणं म्हणताना मी नंतर ऐकलं नाही. मला विचारलं असतं तर मी पाकीट बदलू दिलं नसतं. मला कुणी विचारलं नाही.

असो. त्या वर्षीची दिवाळी सांगते.

सई आजीबरोबर रेल्वेनं आली. दोन वेण्या, हातात चित्रांचा गठ्ठा. वडिलांच्या पाया पडली आणि सरळ केबिनमध्ये शिरली. पिल्लं आता कपाटाबाहेर हिंडत होती. ती एकेकाला ओळखायला लागली. "हा मोजेवाला. हा शेपूटवाला. ही झोपाळू. आणि हा... बाबा, ह्याचे डोळे तुम्ही चुकवलेत, ते हिरवे आहेत."

"दिवसा हिरवे दिसतात," साहेब दारातून म्हणाले.

मोजेवालं पिल्लू कपाटावर चढलं होतं. सईचा हात पोचेना. "बाबा, काढून द्या ना."

सगळ्या शेडचं काम थांबलं. साहेब दारात उभे, एक हात चौकटीला. मला राहवलं नाही, मी पुढे झाले. चंद्रभागाबाईंनी मागून माझा पदर धरला. "हुबं ऱ्हावा," पुटपुटल्या. "त्येंचं हाय ते."

साहेब आत गेले. गरम पातेलं उतरवावं तसे दोन्ही हात लांब करून त्यांनी ते पिल्लू उचललं. ते काही हातात राहणारं नव्हतं. शर्टाला नखं रुतवून छातीवर चढलं, खांद्यावर गेलं आणि चष्म्याच्या काडीला पंजा मारला. साहेब डोळे घट्ट मिटून उभे राहिले. आणि सई हसली. फोनच्या पलीकडची ती पोर असं खळखळून हसू शकते हे आजीलाही आठवत नसावं, कारण त्या माउलीनं पदर डोळ्यांना लावला. साहेबांनी डोळे उघडले. चष्मा पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

सुट्टी संपत आली तशी जायची तयारी सुरू झाली. शेवटच्या दिवशी दुपारी सगळे व्हरांड्यात बसले होते. साहेब सईला म्हणाले, "एक पिल्लू पुण्याला घेऊन जा. मोजेवालं ने."

सई मान हलवत म्हणाली, "नको. त्याची आई इथं आहे ना."

 

मग तीच म्हणाली, "बाबा, मीच इथं राहू का?"

"इथं?" साहेबांनी शेडकडे, धुळीकडे, ट्रकांकडे पाहिलं. "अगं, इथं तुला करमायचं नाही."

"तुम्हाला करमतं ना?"

आजी खुर्चीतून म्हणाल्या, "ती राहणार असेल तर मलाही राहावं लागेल. माझी हरकत नाही. फक्त माझ्या स्वयंपाकघरात मांजर येता कामा नये, हे आत्ताच सांगून ठेवते." त्या हे बोलत होत्या तेव्हा झोपाळू पिल्लू त्यांच्या मांडीवर होतं.

साहेब उठले, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले. मला म्हणाले, "बाई, जालन्यात शाळा कोणती चांगली आहे?"

मी तोंड उघडायच्या आत निवडणीच्या टेबलावरून एकदम पाच-सहा शाळांची नावं आली. प्रत्येकीची पोरं वेगळ्या शाळेत. एकीचं म्हणणं तिथले मास्तर मारतात, दुसरीचं म्हणणं मारतात म्हणून तर पोरं शिकतात. रशीदभाईंनी आपल्या शाळेचं नाव मधेच घुसवलं. चंद्रभागाबाई सगळ्यांना गप्प करत म्हणाल्या, "आंदी पोरीला इचारा की तिला कुठं जायचंय!" त्यावरून सगळ्या पुन्हा भांडायला लागल्या, आणि साहेब हातात पेन घेऊन, मन लावून, एकेकीचं ऐकत उभे राहिले. दुपारचं मशीन त्या दिवशी फार उशिरा सुरू झालं.